आवाज लागेपर्यंत

आमच्या ख्रिस्ती मंडळीत स्त्रियांची सभा बुधवारी भरते. नगर जिल्ह्यातल्या कितीतरी मंडळ्यांसारखीच आमची मंडळी. त्यात शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत, अंगणवाडीच्या ताया आहेत, शेतमजुरी आणि शिवणकाम करणाऱ्या आहेत, आणि मुलं नोकरीसाठी पुण्याला गेल्यामुळे मोठ्या घरात एकट्या उरलेल्याही आहेत. या महिला मंडळाची धुरा बरीच वर्षं माझ्याकडे होती. मंडळ चालवणं म्हणजे गीतं निवडणं, शास्त्रपाठ ठरवणं, वक्ता बोलावणं, चहाचं बघणं, असं बाहेरून दिसतं. ही कामं करावीच लागतात. पण मुळात काम एकच असतं. जिला चारचौघांत तोंड उघडायची सवय नाही, तिला तिचा आवाज लागेपर्यंत जागा धरून ठेवायची. बाकीची सगळी धावपळ त्यासाठी. या एका कामाने मला जे शिकवलं, ते इथे मांडते आहे.

ही जागा आपल्याला आयती मिळालेली नाही, हे मी प्रत्येक नव्या सभासद बहिणीला सांगत आले. सिंथिया फरार नावाची एक अविवाहित अमेरिकन शिक्षिका 1827 साली मुंबईत आली ती मुलींच्या शाळा पाहण्यासाठी. पुढे ती नगरला आली आणि 1862 मध्ये तिचं निधन होईपर्यंत इथेच शिकवत राहिली. तिच्या नगरच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार स्त्रियांना आसरा दिला, आणि तेवढ्यावर न थांबता साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळं पवित्र शास्त्र आणण्याचं काम हाती घेतलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून, आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी त्यातच घालवली. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, तेव्हा ते भाषांतर नुकतंच हातावेगळं झालं होतं. छापखान्यातली कामं करणाऱ्याही मुक्तीतल्याच बायका होत्या. आणि लक्ष्मीबाई टिळक! लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या या बाईंनी नवऱ्याच्या, म्हणजे नारायण वामन टिळकांच्या, पश्चात त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुरं केलं आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठी गद्यालाच नवा सूर दिला. शाळा, शास्त्र, लेखणी. या तिघींनी तीन दारं उघडली. बुधवारच्या सभेत बसणारी बाई त्या दारांतून आत आलेली आहे. तिने आत येऊनही गप्पच बसायचं असेल, तर दारं उघडून उपयोग काय?

पहिली गोष्ट शिकले ती वेळेची. सभा किती वाजता भरते, यावर सभेत कोण येणार हे ठरतं. दुपारी तीनची वेळ पूर्वापार चालत आलेली. ती कोणाच्या सोयीची, तर जिला नोकरी नाही, मजुरी नाही आणि घरात पाणी भरायला दुसरं कोणी आहे तिच्या. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी बाई घर सोडू शकत नाही. रुग्णालयात पाळीने कामाला जाणाऱ्या परिचारिकेला तीन वाजता एक तर झोप हवी असते नाहीतर ती वॉर्डात असते. कांद्याच्या काढणीला गेलेली दिवस मावळल्यावर परतते. आम्ही प्रत्येकीला तिच्या दिवसाचा हिशेब विचारला आणि सभा संध्याकाळवर नेली. महिन्यातली एक सभा मंदिरात न घेता वस्तीवर, कोणाच्या तरी अंगणात घेऊ लागलो. आजवर मागच्या बाकावर क्वचित दिसणारी तोंडं समोर दिसू लागली. ‘त्या येतच नाहीत’ ही तक्रार मंडळामंडळांतून ऐकू येते. ती करण्याआधी घड्याळ तपासावं.

याच जिल्ह्यात पाथर्डी, शेवगावकडची कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. त्यांत आपल्या बहिणीही असतात. त्यांचा नाताळ कारखान्याच्या फडावर, पाचटाच्या कोपीत होतो. त्यांची नावं आम्ही हजेरीतून कधी काढली नाहीत. प्रत्येक बुधवारी ती वाचायची, त्यांच्यासाठी प्रार्थना करायची आणि एकीने फोन लावून तसं कळवायचं. परतल्यावर त्यांना पाहुण्यासारखं बसवायचं नाही, पहिल्याच सभेत काम सोपवायचं. माणूस गैरहजर असतानाही त्याचं नाव उच्चारलं जात असेल, तर तो परत येतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट प्रार्थनेची. आपल्या सभांमध्ये साखळी प्रार्थना असते. एकीमागून एक मोठ्याने प्रार्थना करायची. बाहेरच्या माणसाला यात विशेष वाटणार नाही. पण ग्रामपंचायतीत, शाळेच्या पालकसभेत, नवऱ्याच्या भाऊबंदांत कधीही न बोललेल्या कितीतरी बायकांचं आयुष्यातलं पहिलं जाहीर बोलणं ही प्रार्थना असते. डोळे मिटलेले, समोर कोणी बघत नाही, टीका करायला कोणी बसलेलं नाही, आणि जो ऐकतो आहे त्याला व्याकरणाशी देणंघेणं नाही. बोलायला शिकण्यासाठी यापेक्षा सुरक्षित जागा मला माहीत नाही.

मात्र एकदम ‘ताई, आता तुम्ही प्रार्थना करा’ म्हटलं की अंगावर काटा येणाऱ्या बायका असतात. त्यांच्यासाठी पायऱ्या हव्यात. आधी फक्त गीताचा क्रमांक सांगायचा. मग एक वचन वाचायचं. वाचता येत नसेल तर पाठ असलेलं म्हणायचं. मग एका वाक्याची प्रार्थना, तीही आभाराची, कारण आभार मानायला शब्द सहज सापडतात. दुसऱ्यासाठी मध्यस्थीची प्रार्थना त्यानंतर. आमच्यात एक आत्या होत्या. अक्षर एक येत नव्हतं, पण नारायण वामन टिळकांची भजनं त्यांना ओळीने पाठ. पुस्तक हातात धरणाऱ्या आम्ही अडखळायचो तिथे त्या पुढचं कडवं उचलायच्या. त्यांना गायनाची बाजू दिली. त्यानंतर सभेत त्यांच्याकडे मान वळवल्याशिवाय कोणी गीत सुरू केलं नाही. येत नाही त्याची यादी प्रत्येकीकडे तयारच असते. येतं काय, ते शोधून काढणं हे मंडळ चालवणारीचं काम.

इंग्लंडमध्ये 1876 साली मेरी समनर या पाळकपत्नीने आपल्या खेड्यातल्या आयांना पहिल्यांदा एकत्र बोलावलं. बायका जमल्या आणि हिचं धाडसच गळालं. ठरवलेलं काहीच न बोलता तिने सगळ्यांना फक्त पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात ती बोलली. आज जगभर पसरलेल्या मदर्स युनियनची सुरुवात ही अशी आहे. पहिल्या दिवशी न बोलू शकलेल्या बाईला पुढचा आठवडा मिळाला पाहिजे, एवढंच मी त्यातून घेतलं आहे.

शांत बाईबद्दल घाईने मत बनवू नये, हे शास्त्राने फार आधी सांगून ठेवलं आहे. शिलो येथल्या मंदिरात हन्ना मुलासाठी प्रार्थना करत होती. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. दाराशी बसलेल्या एली याजकाला वाटलं, बाई द्राक्षारस पिऊन आली आहे. तिने त्याला नम्रपणे, पण स्पष्ट उत्तर दिलं, आणि एलीचं मोठेपण असं की त्याने ते ऐकून घेतलं, आपला शब्द फिरवला आणि तिला आशीर्वाद देऊन पाठवलं. प्रत्येक मंडळीत एक हन्ना असते. ती मागे बसते, लवकर उठते, कोणात मिसळत नाही. तिला ‘गर्विष्ठ’ ठरवायला क्षण पुरतो. तिचं दुःख कळायला वर्ष लागतं.

तिसरी गोष्ट भांडणांची. बायका एकत्र आल्या की भांडतात, असं म्हणणाऱ्यांनी पास्टोरेट कमिटीच्या निवडणुका आठवाव्यात. माणसं एकत्र काम करतात तिथे मतभेद होतात, आणि ज्यांना कामाची आच आहे त्यांच्यातच ते जास्त होतात. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांची नावं येतात. त्यांचं कशावरून बिनसलं, हे पौल सांगत नाही. दोष कुणाचा, हेही सांगत नाही. तो दोघींना वेगवेगळी, सारखीच विनंती करतो. सुवार्तेच्या कामात या दोघी माझ्या बरोबरीने झटल्या, असा त्यांचा मान राखतो आणि एका तिसऱ्या सोबत्याला त्यांना साहाय्य करायला सांगतो.

मंडळातला तंटा सोडवण्याची ही सगळी रीत त्या दोन वचनांत आहे, आणि आम्ही ती पायरीपायरीने वापरली. नाताळच्या कार्यक्रमावरून, गायनवर्गात पुढे कोण उभं राहणार यावरून, एकीने दुसरीच्या मुलीच्या लग्नाबद्दल काढलेल्या शब्दावरून अबोला धरला गेला की दोघींकडे वेगवेगळं जायचं. दोघींना सारखाच वेळ द्यायचा. कोण चूक हे ठरवायला बसायचं नाही. दोघींनी आजवर काय केलं, हे दोघींना आठवून द्यायचं. आणि दोघींचाही विश्वास आहे अशी तिसरी बाई मध्ये घालायची. ही तिसरी बहुधा सभेत फारशी न बोलणारी असते. एक गोष्ट मात्र करायची नाही. भांडणाचा विषय देवाच्या नावाने प्रार्थनेत घालून सगळ्यांसमोर एकीला टोचायचं नाही. प्रार्थनेचं रूप घेऊन आलेला टोमणा वर्षानुवर्षं खुपत राहतो.

त्याच्याच शेजारची गोष्ट गुपिताची. ‘प्रार्थनेसाठी विषय सांगा’ म्हटलं की बायका मन मोकळं करतात. नवऱ्याचं पिणं, मुलाची परीक्षा, सुनेचं माहेरी जाऊन बसणं, छातीतली गाठ. हे सगळं मंडळाच्या ओंजळीत विश्वासाने टाकलेलं असतं. ते त्याच संध्याकाळी गल्लीत पोहोचलं, तर ती बाई पुन्हा तोंड उघडणार नाही, आणि तिला पाहून आणखी दहाजणी मुक्या होतील. म्हणून आमच्यात दर सभेच्या शेवटी एक वाक्य मोठ्याने म्हटलं जातं: इथे ऐकलेलं इथेच ठेवू. फोनवरच्या गटात कोणाच्या आजाराचं किंवा घरच्या त्रासाचं नाव टाकायचं नाही, हाही नियम. गुप्तता पाळता येत नसेल, तर मंडळाने प्रार्थनेचे विषय मागूच नयेत, इतकं माझं मत कडक आहे.

पण गुप्तता म्हणजे झाकाझाक नव्हे. एखादी बहीण मार खाते आहे, हे कळल्यावर फक्त ‘सहन कर, प्रभू बघेल’ म्हणून तिला परत पाठवणं हे पाप आहे, असं मी मानते. हात जोडायचे आणि हात धरायचाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. त्यासाठी नेमलेले संरक्षण अधिकारी असतात, आणि स्वतःच्याच घरात राहण्याचा हक्क त्यात मागता येतो. आपल्या समाजाचे कायदेही बायकांना माहीत हवेत. 1869 च्या घटस्फोट कायद्याप्रमाणे ख्रिस्ती नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार हे एक कारण पुरत असे. पत्नीला मात्र त्याच्या व्यभिचारासोबत क्रूरपणा किंवा टाकून देणंही सिद्ध करावं लागे. हा अन्याय दूर व्हायला 2001 साल उजाडावं लागलं. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, हे तर आपल्याच घरांतून मुलींना सांगितलं जात नाही. आम्ही वर्षातून एक सभा वकीलबाईंसाठी ठेवू लागलो. तिला सर्वांत जास्त गर्दी होते. काहींना वाटतं, मंदिरात कायद्याचं काय काम? अन्यायी न्यायाधीशाच्या दारात न्याय मिळेपर्यंत धडका देणाऱ्या विधवेची गोष्ट खुद्द प्रभूने सांगितली आहे. त्यापुढे वेगळं उत्तर द्यायची गरज नाही.

चौथी गोष्ट पैशाची. लूकच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात मग्दालीया मरीया, हेरोदाच्या कारभाऱ्याची पत्नी योहान्ना आणि सुसान्ना यांची नावं येतात. या आणि इतर कितीतरी स्त्रिया आपल्या पैशाअडक्यातून येशूची आणि शिष्यांची व्यवस्था पाहत होत्या. म्हणजे मंडळीच्या कामाला बाईचा पैसा अगदी पहिल्यापासून लागलेला आहे. मिझोराममध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बायका प्रत्येक जेवणाच्या वेळी शिजवायच्या तांदळातून एक मूठ मंडळीसाठी बाजूला काढत आल्या. त्या मुठीमुठीतून तिथल्या मंडळीचं फार मोठं काम उभं राहिलं. हातात रोख पैसा नसलेल्या बाईलाही तिच्या सत्तेतल्या वस्तूतून देता येतं, ही त्यातली थोर कल्पना. आमच्या बायकांनी ज्वारी दिली, अंडी दिली, शिवणाच्या मशीनवरचा एक दिवस दिला. कापणीच्या सणाला त्या वस्तूंचा लिलाव होतो तेव्हा बोली कितीची लागली यापेक्षा, ती वस्तू कुणी आणली हे नाव पुकारलं जाणं मला महत्त्वाचं वाटतं.

पैसा थोडा असला तरी हिशेब मोठ्याने वाचला पाहिजे. दर महिन्याला जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. वही उघडी, आणि ती वाचणारी दर वेळी वेगळी. आमच्यातल्या बऱ्याचजणी बचत गटात आहेत. पासबुक, ठराव, सही यांचा सराव त्यांना तिथे झालेला. तो त्यांनी मंडळात आणला, आणि मंडळातली बोलायची सवय त्या गटात घेऊन गेल्या. हिशेब वाचलेली बाई पुढे मंडळीच्या वार्षिक सभेत उभी राहून ‘दुरुस्तीचा खर्च एवढा कसा?’ असं विचारू शकते. तो प्रश्न विचारला गेला त्या दिवशी काही भुवया उंचावल्या. मला मात्र उपकारस्तुतीचं गीत गावंसं वाटलं.

पाचवी गोष्ट स्वयंपाकघराची. मंडळीत पाहुणे आले, परिषद भरली, बिशप आले की निरोप येतो: महिला मंडळाने जेवणाचं बघावं. जेवू घालणं ही सेवाच आहे, आणि ती कमी प्रतीची मुळीच नाही. यापो गावची टबीथा विधवांसाठी कपडे शिवायची. ती गेल्यावर त्या विधवा तिने शिवलेले अंगरखे पेत्राला दाखवत रडत उभ्या होत्या. हाताच्या कामाचा याहून मोठा गौरव मला ठाऊक नाही. पण शास्त्र त्याच टबीथेला शिष्या म्हणतं. आणि बेथानीच्या घरात मार्था कामात गुंतलेली असताना पायाशी बसून ऐकणाऱ्या मरीयेचा हक्क प्रभूने काढून घेऊ दिला नाही. म्हणून आम्ही एक सांगणं सुरू केलं. जेवण आम्ही करू, वाढायला तरुण संघ आणि पुरुषही येतील, आणि परिषदेच्या सत्रांत आमच्या बायका बसतील. कार्यक्रम ठरवण्याच्या बैठकीतही मंडळाची प्रतिनिधी असेल. हे भांडून मिळवावं लागलं नाही. न थकता, दर वेळी सांगावं लागलं. पाळकसाहेबांनी स्वतः भाताचं पातेलं उचललं, त्यानंतर पुरुषांना सांगायची गरज उरली नाही.

आणखी एक. मंडळ फक्त आयांचं नाही, सवाष्णींचंही नाही; ते स्त्रियांचं आहे. मदर्स डेला आयांना उभं करून फुलं दिली जातात, तेव्हा मूल नसलेली, मूल गमावलेली, लग्न न झालेली आणि सोडून दिलेली बहीण बसून राहते. आम्ही फूल प्रत्येकीला देऊ लागलो. विधवेला वचनवाचनाला पुढे बोलावलं, एकट्या राहणाऱ्या परिचारिकेकडे खजिना दिला. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. त्याची उपासना दरवर्षी वेगळ्या देशातल्या स्त्रिया लिहून पाठवतात, आणि ती देशोदेशींच्या मंडळ्यांत त्याच दिवशी होते. त्या दिवशी अनोळखी देशातल्या बायकांची दुःखं आपण आपल्या तोंडाने बोलतो. मग शेजारच्या बाकावरचीचं दुःख आपल्याला परकं कसं वाटावं?

शेवटची गोष्ट सोडण्याची. पद आवडू लागतं. लोक ‘तुमच्याशिवाय कोण करणार’ म्हणतात आणि ते खरं वाटू लागतं. पण आपल्याशिवाय काम थांबत असेल, तर आपण काम उभं केलं नाही, स्वतःला उभं केलं. मी माझी मुदत आधीच ठरवून घेतली होती. शेवटच्या वर्षात प्रत्येक सभा दुसरीने चालवली आणि मी शेजारी बसले. कार्यवृत्ताची वही, बँकेचं पासबुक, आजारी बहिणींची यादी हे सगळं एका तरुण मुलीच्या हाती दिलं. ती गिटार वाजवते, सभा माझ्यापेक्षा लवकर संपवते, आणि मी कधी घेतले नसते असे विषय घेते. मी आता मागच्या बाकावर असते. विचारलं तर सांगते, नाही विचारलं तर गाते.

ज्या बहिणी आज कुठे ना कुठे असं मंडळ चालवत आहेत, त्यांना हात जोडून एवढंच सांगायचं आहे. तुमचं भाषण उत्तम होत असेल, तर ते थोडं कमी करा. येत्या सभेत, जिने आजवर एकदाही तोंड उघडलेलं नाही तिला गीताचा क्रमांक विचारा, आणि तिने सांगेपर्यंत दुसऱ्या कोणालाही मध्ये बोलू देऊ नका. तुमच्या कारकिर्दीचं मोजमाप किती सभा भरल्या यावर होणार नाही. तुम्ही पद सोडलंत त्या दिवशी किती बायका उभ्या राहून बोलू शकत होत्या, यावर होईल.